वस्तऱ्याला किती मोजावे?

जुन्या वस्तू जमवणाऱ्याने घरात पाऊल टाकले की पहिला प्रश्न ठरलेला: "केवढ्याला पडलं?" खरा आकडा सांगणारे संग्राहक फार थोडे. बहुतेक जण निम्मी रक्कम सांगून मोकळे होतात, काही जण "एका मित्राने दिलं" म्हणून वेळ मारून नेतात, आणि कपाटाचा खालचा खण भरून वाहू लागला की दोन्ही थापा एकदमच उघड्या पडतात. लपवायची वेळ येते, कारण या छंदात किती पैसे घालायचे हे त्या गृहस्थाने आधी ठरवलेलेच नसते. वस्तू दिसली की हात खिशात, एवढाच काय तो हिशेब.

तो नीट कसा करावा हे पाहायला या प्रकरणात वस्तरा घेऊ. नाणी आणि तिकिटे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांचे गणित तुलनेने सोपे आहे. नगरमध्ये सुरेशराव जोशी यांनी १९६० मध्ये उभ्या केलेल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात हजारो नाणी आहेत. निजामशाहीचे तांब्याचे नाणे हाती आले तर त्यावरचा राजा, टांकसाळ आणि साल वाचता येते, सूचिपुस्तकात ते शोधता येते, किती झिजले आहे ते पाहून दर काढता येतो. वस्तऱ्याला आपल्याकडे असे पुस्तक नाही. भंगारात किलोवर जाणारा वस्तरा आणि हजारोंना मागितला जाणारा वस्तरा एकाच पोत्यात निघू शकतात, आणि विकणाऱ्यालाही फरक ठाऊक असेलच असे नाही.

संग्रहाचा विषय निघाला की मराठी माणसाला पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर आठवतात. 'अज्ञातवासी' या नावाने कविता करणारे केळकर १९२० च्या सुमारास या नादाला लागले. १९६० पर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५,००० वस्तू झाल्या होत्या: अडकित्ते, दिवे, वज्री, वाद्ये, दरवाजे. १९७५ मध्ये हा संग्रह त्यांनी राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव त्या संग्रहालयाला आहे. केळकरांचा दाखला देऊन अनेक जण स्वतःची उधळपट्टी खपवतात: "त्यांनी हिशेब केला असता तर संग्रहालय झालं असतं का?" हा युक्तिवाद मला पटत नाही. केळकर अडकित्ता घ्यायला जात तेव्हा त्यांच्या समोर दुसरा संग्राहक क्वचितच उभा असे. त्यांची खरी स्पर्धा मोडीवाल्याशी होती. पितळेच्या वजनाला मोडीत जो भाव मिळे, त्याहून थोडे जास्त दिले की वस्तू सुटे. आज खेड्यातला भंगारवाला मोबाइलवर फोटो टाकतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला चार शहरांतून फोन येतात. केळकरांच्या काळात धाडसाला जागा होती. आज त्याच धाडसात माणूस लवकर नागवला जातो.

आता नगरकडे या. जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले तरी बोलण्यात अजून नगरच आहे. वस्तऱ्यांच्या दृष्टीने हे गाव मजेदार आहे. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने किल्ला घेतला, पुढे इथे इंग्रजांची छावणी झाली आणि छावणीबरोबर इंग्लंडमधल्या शेफिल्डचे पोलाद आले असणार. १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन इथे आहे, म्हणजे अमेरिकी सामान येण्याची वाट होती. १९०१-०२ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी नगरला ठेवले होते. पहिल्या महायुद्धात कैदेत ठेवलेल्या जर्मन नागरिकांची मोठी छावणी इथेच होती. १९४२ ते १९४५ या काळात किल्ल्यात काँग्रेसचे पुढारी बंदिवान होते, हे तर शाळेतले पोरही सांगते.

एवढा इतिहास असला की गोष्टी आपोआप तयार होतात. जर्मनीतल्या झोलिंगेन गावाचा छाप असलेला वस्तरा निघाला की तो "जर्मन कैद्याचा" होतो. जुनी इंग्रजी दाढीची पेटी निघाली की ती "किल्ल्यातली". या गोष्टी खोट्याच असतात असे नाही. पण झोलिंगेनचे वस्तरे मुंबईच्या बाजारातही सर्रास विकले जात, त्यासाठी कोणा जर्मनाने कैदेत पडायची गरज नव्हती. म्हणून पहिला नियम: कागद नसेल तर गोष्टीची किंमत शून्य. नाव कोरलेले असेल, जुने पत्र असेल, फोटो असेल, घराण्याच्या वहीत नोंद असेल, तर बोलता येईल. नाही तर गोष्ट चहाबरोबर ऐकावी आणि पैसे पोलादाचे द्यावेत.

पोलाद कसे पाहायचे? काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी रंगावर भाळत नाही. तो दात पाहतो, खांद्यावरचा वण पाहतो, जनावर चालवून पाहतो. वस्तरा तसाच पाहावा. उघडून पात्याची पाठ डोळ्यासमोर आडवी धरा. दगडावर वर्षानुवर्षे घासलेल्या वस्तऱ्याची पाठ चपटी झालेली असते. ती एका टोकाला जास्त चपटी असेल तर पाते वाकडे घासले गेले आहे आणि त्याला सरळ धार येणे अवघड. मग धार उजेडाकडे करा. धारेची रेष मधोमध आत गेलेली दिसली, तोंड पाडून बसल्यासारखी, तर तो वस्तरा पुष्कळ वापरला गेला आणि चुकीचा घासला गेला. पात्यावरचा तांबूस गंज सहसा पुसून निघतो. काळे ठिपके आत उतरलेले असतात, आणि ते धारेजवळ असतील तर धार लावताना तिथे पोलादाचा कण सुटून खाच पडते. मुठीला वस्तरा जिथे फिरतो त्या खिळ्याभोवती बारीक तडा आहे का, हेही पाहावे.

सगळ्यात फसवा वस्तरा म्हणजे आरशासारखा चमकणारा. दुकानदार मोटारीच्या चाकावर पाते घासून चकाचक करतो. त्यात पाते तापते, पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि धार टिकेनाशी होते. शिवाय पात्यावर कोरलेली नक्षी आणि अक्षरे पुसली जातात. गंजलेल्या पण न घासलेल्या वस्तऱ्याला मी चमकणाऱ्यापेक्षा जास्त पैसे देईन.

पात्याच्या मुळाशी ठोकलेला छाप हा वस्तऱ्याचा जन्मदाखला. मुकुटाशेजारी व्ही आणि आर ही इंग्रजी अक्षरे असतील तर वस्तरा सहसा व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातला. डब्ल्यू आणि आर असतील तर त्याआधीच्या चौथ्या विल्यमचा, १८३० ते १८३७. छापात देशाचे नाव असेल तर आणखी एक धागा मिळतो. अमेरिकेने १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले, त्यामुळे तिकडे जाणाऱ्या जर्मन मालावर 'जर्मनी' असे दिसू लागले. 'झोलिंगेन' हे नाव जर्मनीत १९३८ मध्ये कायद्याने त्या गावापुरते राखीव झाले. पण कायदा तिथला. छाप ठोकायला इथे कोणी अडवत नाही, म्हणून नव्याने केलेल्या वस्तऱ्यांवरही तो सापडतो. छापाची अक्षरे उथळ आणि कडा धारदार असतील, पोलाद मात्र मुद्दाम काळवंडलेले असेल, तर हात आखडता घ्यावा.

सेफ्टी रेझरचा मामला वेगळा. तिथे दुर्मिळता ओळखणे ही अर्धी विद्या. किंग कॅम्प जिलेटने १९०३ मध्ये विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी सुमारे ३५ लाख रेझर गेले. म्हणजे "फार जुना जिलेट" म्हणून कोणी पुढे केला तर तो जुना असेल, पण त्याच्यासारखे लाखो असतील. दांडा फुकटात देऊन पात्यांवर कमवायची युक्ती जिलेटने काढली, ही एक लोकप्रिय दंतकथा. प्रत्यक्षात सुरुवातीची वर्षे त्याचा रेझर पाच डॉलरला होता, त्या काळी चांगलीच रक्कम. तो स्वस्त झाला १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर. १९५० च्या अखेरपासून अमेरिकी जिलेटवर साल आणि तिमाही दाखवणारे अक्षर व अंक असतात, १९५५ ला ए, १९५६ ला बी अशा क्रमाने. दांड्याजवळ भिंग लावले की कळते. ही गोष्ट शिकायला एक संध्याकाळ पुरते आणि तेवढ्याने विक्रेत्याच्या "नव्वद वर्षांपूर्वीचा" या वाक्यातली तीस वर्षे गळून पडतात.

माझी आवड विचाराल तर रोल्स. निकेलची लांबट, चपटी पेटी. एका झाकणाच्या आत धार लावायचा दगड, दुसऱ्या झाकणाच्या आत चामड्याचा पट्टा. एक झाकण काढून दांडा पुढे-मागे सरकवला की जाडसर पाते प्रत्येक फेरीत उलटते आणि खट्, खट् असा आवाज होतो. रोज सकाळी पट्टा, कधीमधी दगड. पाते वर्षानुवर्षे तेच. ही इंग्रजी कंपनी पुढे धुलाई यंत्रांच्या धंद्यात शिरली आणि १९६४ मध्ये बुडाली. पेटी उघडल्यावर दगडाला तडा गेलेला असला तर रोल्सची किंमत निम्म्याहून खाली आली असे समजावे. तसा दगड सुटा मिळत नाही, दुसरी पेटी मोडूनच काढावा लागतो.

आता रकमेकडे. "महिन्याला हजार रुपये" असे ठरवणारे संग्राहक पुष्कळ भेटतात. हा हिशेब चुकतो, कारण त्यात दोन वेगळ्या रकमा एकत्र झालेल्या असतात. समजा, तुम्ही १,५०० रुपयांना वस्तरा घेतला. तोच दुसऱ्या दिवशी विकायला काढला तर जाणकार दुकानदार ८०० देईल. ७०० रुपये गेले. हा छंदाचा खरा खर्च, नाटकाच्या तिकिटासारखा, परत न येणारा. उरलेले ८०० गेलेले नाहीत, गुंतले आहेत. वर्षाची मर्यादा घालायची ती या ७०० वर. वर्षाला ६,००० रुपये गमवायची तयारी असेल तर असे आठच वस्तरे घेता येतील. पण डोळा तयार झाला आणि तोच वस्तरा तुम्ही १,००० ला उचलू लागलात, तर फटका २०० चा, आणि त्याच ६,००० मध्ये तीस वस्तरे बसतील. मात्र तेव्हा २४,००० रुपये कपाटात अडकलेले असतील. म्हणून दुसरी मर्यादा अडकलेल्या रकमेवर: घरात अचानक दवाखाना निघाला तर ज्या पैशावाचून अडणार नाही तेवढीच. सुरुवातीची दोन वर्षे एका वस्तूवर वर्षाच्या खरेदीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घालू नये, असे मी सुचवीन. शिकण्याच्या काळातली महागडी वस्तू बहुधा चुकीची निघते.

दुकानदार कितीला परत घेईल हे मनाने ठरवू नका, विचारा. आपली झालेली वस्तू माणसाला मोठी वाटते. डॅनियल काहनमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना साधे कप दिले होते. ज्यांच्या हाती कप होता त्यांनी विकायला मागितलेली किंमत, न मिळालेल्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीच्या घरात होती. कप तोच, काही मिनिटांची मालकी एवढाच फरक. दहा वर्षे कपाटात जपलेल्या वस्तऱ्याचे काय होत असेल!

लिलावात आणखी एक खोच असते. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी दाखवून दिले की तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणारा बहुधा तोच असतो ज्याने तेलाचा अंदाज सगळ्यांत जास्त फुगवलेला असतो. वस्तऱ्याच्या फोटोवर बोली लावणाऱ्या वीस जणांत जिंकतो तो, ज्याला फोटोतला तडा दिसला नाही. म्हणून बोली सुरू होण्याआधी आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि त्यात लिलावकर्त्याची वरकड, टपाल, परदेशातून येत असेल तर सीमाशुल्क आणि बँकेची कपात हे सगळे धरावे. धार लावणे आणि मूठ दुरुस्त करणे वेगळे. परदेशातून स्वतः आणणार असाल तर वस्तरा सामानातल्या बॅगेत टाका, विमानात हातातल्या बॅगेत तो चालत नाही.

काही वस्तऱ्यांना मात्र शून्य रुपये. हस्तिदंती मुठीचा वस्तरा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. वस्तू शंभर वर्षांची आहे म्हणून सुटका नाही. ओळखायचे तर मुठीच्या टोकाचा आडवा छेद भिंगाखाली पाहा. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हस्तिदंताची नक्कल म्हणून केलेल्या सेल्युलॉइडमध्ये समांतर सरळ पट्टे असतात. सेल्युलॉइड कायदेशीर आहे, पण जिवंत वस्तूसारखे कुजते. कुजताना त्यातून निघणाऱ्या वायूने स्वतःचे पाते तर गंजतेच, शेजारचेही गंजते. पुन्हा ते पेट घेणारे. असे वस्तरे वेगळ्या, हवेशीर जागी ठेवावेत, बंद डब्यात नव्हे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, तेव्हा "परदेशात याला दुप्पट मिळतील" या आशेवर फार जुना वस्तरा घेऊ नये.

मग पैसे घालावेत कशावर? बाजार इंग्रजी आणि जर्मन छापांना भाव देतो. गावच्या न्हाव्याच्या धोकटीला देत नाही. धोकटी म्हणजे चामड्याची किंवा जाड कापडाची पिशवी: त्यात दोन-तीन वस्तरे, कात्री, नखे काढायची नराणी, चिमटा, छोटा आरसा, पाण्याची वाटी, दगड आणि चामड्याचा तुकडा. वस्तरा बऱ्याचदा गावच्या लोहाराने घडवलेला, छाप नसलेला, पाते अर्धे झिजलेले. सुगीला बलुत्याचे धान्य मिळे ते याच हत्यारांच्या जोरावर. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांचे केशवपन करायला नकार दिला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात वस्तरा खाली ठेवण्यालाही अर्थ होता. १९९० च्या दशकात एड्सची भीती गावोगाव पोचली आणि ब्लेड मोडून अर्धा तुकडा बसवायचा वस्तरा सगळीकडे आला. जुने वस्तरे माळ्यावर गेले. पाथर्डी-शेवगावपासून अकोले तालुक्यापर्यंत कितीतरी घरांत ते अजून असतील, आणि घर बांधायला काढले की भंगारात जातील. पूर्ण, न फोडलेली धोकटी आज दहा शेफिल्डांपेक्षा दुर्मिळ होत चालली आहे, असे माझे मत आहे. परत विकताना तिचे काही येणार नाही. तिची सगळी रक्कम 'गेली' या खात्यात धरावी आणि तरीही घ्यावी.

अशा घरात गेल्यावर किती द्यायचे, हा या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न. भंगाराचा भाव म्हणून पन्नास रुपये पुढे करता येतात आणि घरातली नातसून ते घेईलही. मी असे सांगेन: तीच पिशवी पुण्याच्या एखाद्या दुकानात मांडलेली दिसली असती तर तुम्ही किती दिले असते, ते आधी ठरवा, त्यातून तुमचा जाण्यायेण्याचा खर्च वजा करा आणि उरलेली रक्कम घासाघीस न करता द्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. "आजोबा, हा कोणाचा?" एवढे पुरते. वस्तरा कोणी घडवला, कोणत्या गावांत फिरला, कोणता दगड वापरत, हे वहीत त्याच बैठकीत लिहून घ्या, गाव आणि तारीख घाला, त्यांची हरकत नसेल तर खाली सही घ्या. ती धोकटी द्यायची नाही म्हणाले तर वही तरी भरून आणा.